हाउन्सलोचा हरवलेला पिक

१

शनिवारी सकाळी अर्चना आली, कोटही न काढता सोफ्यावर बसली आणि म्हणाली, "ताई, हाउन्सलोचा एक्स्ट्रा पिक कुणीतरी घालवला."

मला वाटलं शेतीचं काहीतरी आहे. पुण्यात वाढलेल्या बाईला पीक म्हटल्यावर ज्वारी-बाजरीच आठवणार, त्यात माझा काय दोष? मी चहा ठेवला आणि म्हटलं, बाई, पहिल्यापासून सांग, आणि मला काहीच कळत नाही असं धरून सांग.

मी प्रमोदिनी. धंद्याने दुभाषी. कोर्टात, ट्रिब्यूनलमध्ये, हॉस्पिटलात एखादा मराठी माणूस इंग्रजीपाशी अडला की मला बोलावतात. इतकी वर्षं लोकांच्या भानगडी कानांवरून गेल्यामुळे आमच्या इथल्या मराठी मंडळात माझी उगाचच ख्याती झाली आहे की प्रमोदिनीताईंना गुपितं शोधता येतात. तसं काही नाही. मला फक्त समोरच्याला बोलू देता येतं, जे आपल्या लोकांत फारसं कुणाला जमत नाही.

अर्चनाचा नवरा सतीश हा हाउन्सलोच्या फ्लॅग फुटबॉल टीमचा कॅप्टन. फ्लॅग फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, पण हाडं न मोडता. कमरेला दोन पट्ट्या लोंबत असतात. समोरच्याने पट्टी खेचली की तुमचं पळणं थांबलं. हे खूळ आमच्यात आणलं मुरलीधरने. तो बरीच वर्षं ओहायोत सॉफ्टवेअर करत होता, तिथून बदली होऊन इथे आला आणि येताना तिथला फुटबॉल नियमांसकट घेऊन आला. हाउन्सलो, क्रॉयडन, रेडिंग आणि बर्मिंगहॅम अशा चार मराठी टीम झाल्या, आणि मुरलीधर झाला कमिशनर, म्हणजे सगळ्या टीमांचा मुख्य. गेल्या ऑक्टोबरात वेम्बलीला खरोखरची अमेरिकन मॅच झाल्यापासून तर सगळे चेकाळलेच होते.

दर मार्चमध्ये नव्या खेळाडूंची वाटणी होते, तिला ड्राफ्ट म्हणायचं. प्रत्येक टीमने आपल्या पाळीला एक माणूस उचलायचा. ही पाळी म्हणजे पिक. उचललेला माणूस दोन सीझन त्या टीमला बांधलेला, मग मोकळा. वाटेल तिथे जावं. पण असा मोकळा झालेला माणूस दुसरीकडे गेला तर जिचं नुकसान झालं त्या टीमला राउंडच्या, म्हणजे त्या फेरीच्या शेवटी एक जादा पाळी मिळते. अमेरिकेतही असंच करतात म्हणे. अट एवढीच की माणूस स्वतःहून गेलेला हवा. टीमनेच त्याला काढलं असेल तर काही मिळत नाही. आपणच टाकून दिलेल्या वस्तूची भरपाई कोण देणार? हे मलाही पटलं.

आता खरी गोष्ट. सतीश-अर्चनाचा एकुलता एक मुलगा वीर, वय तेवीस, बापाच्याच टीममध्ये खेळायचा. फेब्रुवारीत त्याला क्रॉयडनमध्ये नोकरी लागली, तो तिकडे फ्लॅट घेऊन राहायला गेला. त्याचे दोन सीझन संपत आले होते. जावं की राहावं यावर त्याने बरीच झोप घालवली आणि शेवटी क्रॉयडनकडून खेळायचं ठरवलं. सतीशने तोंड वाकडं केलं नाही. वीर गेला म्हणून हाउन्सलोला एक जादा पिक मिळणार, हे सगळे धरून चालले होते.

ड्राफ्टच्या दिवशी मुरलीधरने हॉलमध्ये फळा लावला. हाउन्सलोपुढे जादा पिक नव्हता. वीरच्या नावापुढे इंग्रजीत लिहिलं होतं, 'रिलीज्ड'. म्हणजे मुदत संपायच्या आधीच हाउन्सलोने त्याला काढून टाकलं होतं.

वीर तिथेच उभा होता, क्रॉयडनच्या पोरांबरोबर. त्याने फळा वाचला, बापाकडे बघितलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "बाबा, you cut me?" उत्तर ऐकायलाही थांबला नाही, निघून गेला. तेव्हापासून तो घरी आलेला नाही. आईचा फोनसुद्धा उचलत नाही.

सतीशने भर हॉलमध्ये हात वर केले, की मी असं कुणाला सांगितलेलं नाही. मुरलीधर म्हणाला, मला हाउन्सलोकडूनच कळलं. कुणाकडून, ते मात्र सांगेना. तोंडाला कुलूप.

"मला त्या पिकाचं सोयरसुतक नाही, ताई," अर्चना म्हणाली. "पण कुणी सांगितलं ते शोधून द्या. बापाने आपल्याला काढलं नाही, हे वीरला पटल्याशिवाय माझा मुलगा घरी यायचा नाही."

तिचा चहा तसाच राहिला होता. जाताना दारात म्हणाली की सतीशने चोर धरलाय. उद्या सीझनची पहिली मॅच आहे, आणि तो मैदानावर सगळ्यांसमोर पद्माकरचं नाव घेणार आहे.

२

पद्माकर आणि सतीश ऐन तरुणपणी साउथॉलला एका खोलीत राहिले, एका पातेल्यात जेवले. आता पद्माकर हीथ्रोच्या कार्गोत सुपरवायझर आहे आणि टीमचा व्हाइस कॅप्टन. अशा माणसावर आळ घ्यायचा म्हणजे सतीशचं डोकं ठिकाणावर नव्हतं. पण तरी विचारायला गेले.

कौन्सिलने भाड्याने दिलेल्या जमिनीच्या तुकड्यावर तो मेथीच्या वाफ्यात खुरपत बसला होता. मला बघून उठला नाही. मी एका उपड्या बादलीवर बसले आणि काही न विचारता मेथीचं कौतुक केलं. त्याने ते थोडा वेळ ऐकून घेतलं, मग खुरपं खाली ठेवलं.

वीरबद्दल त्याचं मत काही लपलेलं नव्हतं. पोरगा सरावाला येत नाही, आला तर उशिरा, हातात आलेला बॉल टाकतो. दुसऱ्या कुणाचा असता तर कधीच घरी बसवला असता. कॅप्टनचा मुलगा म्हणून चालवून घेतात, असं त्याने जानेवारीत सगळ्यांपुढे म्हटलं होतं. त्यावरून दोघा मित्रांत वाजलंही होतं. सतीशच्या संशयाला काहीच आधार नव्हता असं नाही.

"मग तू मुरलीधरला काही बोललास?" मी विचारलं.

पद्माकर बराच वेळ हाताला लागलेली माती काढत राहिला. मग म्हणाला, "हो. फोन केला होता मी. म्हटलं, वीरला काढून टाक."

३

हे ऐकून मला वाईट वाटलं. मुळात मला पद्माकर आवडतो.

पण माणूस एवढं कबूल करून थांबला की पुढचं आपणहून बोलतो, हे मी कोर्टात शिकले आहे. मी गप्प बसले. पुढचं आलं. मुरलीधरने त्याला उडवून लावलं होतं. व्हाइस कॅप्टनच्या सांगण्यावरून मी कुणाचं नाव काढत नाही, कॅप्टनने स्वतः सांगायला हवं, असं म्हणून त्याने फोन ठेवला. पद्माकरला दुसऱ्या दिवशी स्वतःचीच लाज वाटली. सतीशला सांगायचं धाडस झालं नाही, आणि आता तर सांगून उपयोग नव्हता, कारण सतीशने उरलेलं ऐकलंच नसतं.

खरं बोलत होता की नाही? मला खरा वाटला. पण मला वाटून काय होतंय, सतीशला वाटायला हवं. मी क्रॉयडनची गाडी धरली.

क्रॉयडनचा कॅप्टन संजय. अकाउंटंट, बोलायला गोड, आणि मंडळात कुणीही काही विकायला काढलं की सर्वांत आधी हजर. ईस्ट क्रॉयडनला ट्रामच्या थांब्यासमोरच्या कॅफेत भेटला. त्याच्यावर संशय घ्यायला जागा भरपूर होती. हाउन्सलोचा जादा पिक गेल्यामुळे पुढची पाळी क्रॉयडनची आली, आणि त्या पाळीला संजयने सुश्रुतला उचललं. सुश्रुत म्हणजे नागपूरहून नुकताच कामाला आलेला, कॉलेजात कबड्डी खेळलेला मुलगा. कमरेची पट्टी कुणाच्या हाती लागू द्यायची नाही यात कबड्डीवाल्याचा हात कोण धरणार? तो आल्यापासून सतीशचा त्याच्यावर डोळा होता.

मी हे सगळं संजयला सरळ म्हणून दाखवलं. तो रागावला नाही. उलट खजील झाला.

त्याचं म्हणणं असं. वीर यायला तयारच नव्हता. बाबांची टीम कशी सोडू, हे एकच पालुपद. तेव्हा संजयनेच त्याला समजावलं, की तू मोकळा होऊन आलास तर तुझ्या बाबांचं नुकसान नाही, त्यांना जादा पिक मिळेल. मग वीर पुनःपुन्हा विचारत राहिला: नक्की मिळेल ना, मुरलीधरकाका देतील ना? संजयने शब्द दिला तेव्हा कुठे तो आला. आणि ड्राफ्टच्या दिवशी संजयचा शब्द खोटा ठरला. वीर तेव्हापासून त्याच्याशीही धड बोलत नव्हता. सरावाला यायचा, कोपऱ्यात बसायचा.

"सुश्रुत मिळाला, पण वीर हातचा गेला," संजय म्हणाला. "ताई, मी एवढा मूर्ख व्यापार करीन का?"

नसता केला. पिकाचं आमिष दाखवून ज्याने मुलगा आणला, तोच पिक कशाला बुडवील? संजयही सुटला. उरला मुरलीधर, ज्याला सगळं माहीत होतं आणि जो काहीच सांगत नव्हता.

४

संध्याकाळी पार्कात उजेड होता. मुरलीधर उद्याच्या मॅचसाठी मैदान आखत होता, एका हातात पांढऱ्या रंगाचा डबा, पाठीमागे सरळ रेघ. हा माणूस वाकडं काही करूच शकत नाही, अशा थाटात चालला होता. मी त्याच्याबरोबर चालू लागले.

आधी त्याला त्याच्या आवडीचं विचारलं. जादा पिक कसा ठरतो? त्याचा चेहरा उजळला. नुसतं कुणी गेलं म्हणून मिळत नाही, म्हणाला. गेले किती आणि बाहेरून आले किती याची वजाबाकी करायची. गेलेला माणूस किती मोलाचा होता, दोन सीझनमध्ये किती खेळला, हे बघायचं. मग फॉर्म्युला लावायचा.

"कुठला फॉर्म्युला?"

"तो सांगत नाही मी. अमेरिकेतली लीगसुद्धा आपला फॉर्म्युला जाहीर करत नाही. लोक अंदाज बांधतात."

"आणि इथे लोक एकमेकांवर चिखल फेकतात," मी म्हटलं. "अरे, तू गुपित ठेवलंस की रिकाम्या जागेत प्रत्येकजण आपल्या मनातला चोर बसवतो. उद्या सतीश पद्माकरचं नाव घेणार आहे, ठाऊक आहे का?"

मुरलीधर थांबला. रंगाचा एक मोठा थेंब गवतावर पडला, तरी त्याचं लक्ष नव्हतं. "पद्माकर नाही," तो म्हणाला. "त्याने फोन केला होता, पण मी त्याचं ऐकलं नाही. कॅप्टन स्वतः बोलल्याशिवाय मी कुणाला काढत नाही."

"मग कोण?"

"ताई, नाव सांगितलं तर एका माणसाची मान त्याच्या घरच्यांसमोर खाली जाईल. मला ते करायचं नाही. माझ्यावर काय बोलायचं ते बोला."

तो पुन्हा रेघ ओढायला लागला. मी बाकावर जाऊन बसले आणि एकेक गोष्ट मनात ठेवून बघितली. हा नियमाला जीव देणारा माणूस. कॅप्टनच्या आवाजाशिवाय नाव काढत नाही, म्हणजे कॅप्टनचा आवाज त्याने ऐकला होता. हाउन्सलोला कॅप्टन एकच. नाव सांगायचं नाही ते कुणाच्या घरच्यांसाठी? ज्याचा मुलगा त्या दिवशी हॉलमध्ये समोर उभा होता, त्याच्या. सतीशने भर सभेत हात वर केले तेव्हा मुरलीधरला वाटलं असणार, की हा बाप मुलाच्या तोंडावर खोटं बोलतोय, आणि आपण त्याला उघडं पाडू नये. चांगुलपणाने गप्प बसला बिचारा.

म्हणजे वीरला काढलं असं सांगणारा सतीशच होता. आणि ते शोधून द्यायला मला पाठवलं होतं त्याच्या बायकोने.

५

सतीशच्या घराचं दार मी वाजवलं, ते अर्चनानेच उघडलं. तिने माझ्याकडे आशेने बघितलं. मी तिची नजर टाळली.

सतीश लाकडी खुर्चीवर ताठ बसला होता, पाठीला गरम पाण्याची पिशवी. मी आडवळण घेतलं नाही. म्हटलं, सतीश, तू मुरलीधरला सांगितलंस का, की वीरला काढलं म्हणून?

 त्याचे डोळे भरले, आणि त्याने ते लपवलेही नाहीत. "ताई, तुम्ही पण?" एवढंच म्हणाला.

खोटं बोलणारी माणसं मी पुष्कळ ऐकली आहेत. ती सांगत बसतात. दिवस, वार, साक्षीदार, सगळं तयार असतं. सतीशकडे काही तयार नव्हतं. त्याला मुरलीधरचा फोन आठवत होता. फेब्रुवारीच्या शेवटी, ग्राउंडच्या बुकिंगबद्दल. दर वर्षी त्या सुमाराला मुरलीधर सगळ्या कॅप्टनना फोन करतो. वीरची चौकशी केली असेल, म्हणाला, सगळेच करतात. काय बोललो ते आता कुठे आठवणार?

दोघंही खरं बोलत होते. कॅप्टनने सांगितलं, आणि कॅप्टनने सांगितलं नाही. माझी मतीच खुंटली. उशीर नको म्हणून मी उठले, तर सतीशही खुर्चीला धरून उठला आणि गाडीची किल्ली शोधायला लागला.

"अहो, पाठ दुखतेय ना तुमची? कुठे निघालात?" अर्चना म्हणाली.

"ताईंना घरी सोडून येतो. पाठीचं काय, वीरला सोडलं त्या दिवसापासून धरलीय ती. गादी काय, कपाट काय."

मी परत खाली बसले.

"काय म्हणालास?" मी विचारलं. "पुन्हा म्हण."

"वीरला सोडलं त्या..."

"पुरे."

ह्या एका क्रियापदाने मला कितीदा घाम फोडलाय, देवाला ठाऊक. आपण स्टेशनला सोडतो, नोकरी सोडतो, बायको सोडतो, कबुतर सोडतो आणि हट्टही सोडतो. एकदा एक बाई ट्रिब्यूनलपुढे म्हणाली, भावाने मला इथे सोडलं. भावाने तिला टाकलं, की गाडीतून आणून पोचवलं? इंग्रजीत एकच काहीतरी म्हणावं लागतं, आणि चुकीचं म्हटलं तर बाईचं आयुष्य बदलतं. मी तेव्हा थांबून तिला विचारलं होतं. मुरलीधरला विचारायचं सुचलं नव्हतं. त्याचं डोकं ड्राफ्टमध्ये, सतीशचं डोकं मुलाच्या गादीत.

मी त्या दोघांना माझा अंदाज सांगितला. अर्चना मटकन खाली बसली. सतीशला आधी पटेना, मग पटलं, मग तो स्वतःवरच इतका चिडला की त्याला आवरावं लागलं. मी म्हटलं, रागावण्यात वेळ घालवू नकोस, आधी पद्माकरला फोन कर. त्याने केला. माफीबिफी त्याला जमली नाही. उद्या मॅचचा बॉल तू घेऊन ये, असं म्हणाला, आणि पलीकडून पद्माकर 'बरं' म्हणाला. त्यांच्यात एवढं पुरतं.

वीरकडे सकाळीच जायचं ठरलं. अर्चना यायला तयार नव्हती. माझ्यासमोर त्याने दार लावून घेतलं तर मला सोसायचं नाही, म्हणाली.

६

वीरने दार लावून घेतलं नाही. बापाला बघून गप्पपणे बाजूला झाला, आणि मला म्हणाला, "मावशी, तुम्ही कशाला एवढी लांब आला? Tea?"

मी म्हटलं, चहा मग. आधी मुरलीधरला फोन लाव आणि स्पीकरवर ठेव.

मुरलीधर मैदानावर पोचला होता. मी त्याला म्हटलं की समोर सतीश आहे, वीरही आहे, आणि सतीशची परवानगी आहे. फेब्रुवारीत फोनवर काय बोलणं झालं ते शब्दाला शब्द सांग. तो का कू करायला लागला. शेवटी सतीशच म्हणाला, "बोला मुरलीधर. माझी काही हरकत नाही."

"मी विचारलं, वीरचं काय केलंत," मुरलीधर सांगू लागला. "तुम्ही म्हणालात, काल सोडलं त्याला. मी म्हटलं, अरे, असं का? तर म्हणालात, मोठा झाला आता, किती दिवस सांभाळायचं. आणि वर म्हणालात, अर्चना रडली, पण कधीतरी सोडायलाच हवं. सतीशराव, मला त्या दिवशी तुमचं फार कडक वाटलं. पण कॅप्टन तुम्ही. मी नाव काढलं."

वीरचा चेहरा बघवत नव्हता. त्याने नेमकं हेच मनात धरलं होतं, आणि आता ते त्याला बापाच्या शब्दांत ऐकू येत होतं.

मी सतीशकडे वळले. "त्या फोनच्या आदल्या दिवशी तू काय करत होतास?"

"इथेच होतो," सतीश म्हणाला. "ह्याच जिन्यावरून ह्याची गादी वर चढवत होतो. ह्याला इथे सोडून घरी आलो, आणि दुसऱ्या दिवशी ह्यांचा फोन आला."

 वीर लगेच उठून उभा राहिला. लहानपणापासून त्याने हा शब्द त्याच अर्थाने ऐकला होता: शाळेत सोडतो, क्लासला सोडतो. "सोडलं, like, dropped me off?" तो म्हणाला. "बाबांनी मला drop केला, आणि मुरलीधर काका, तुम्ही released लिहिला?"

"अरे देवा," मुरलीधर म्हणाला.

मराठीत दोन्ही अर्थ सुखाने एकत्र राहत होते. मुरलीधरने ते फळ्यावर इंग्रजीत लिहिलं, तेव्हा त्यातला एकच उरला, आणि नेमका नको तो. मला वाटलं, झालं, सुटलं कोडं. पण वीर अजून बापाकडे बघत होता.

"पण ते खरं ना?" तो हळू म्हणाला. "मोठा झाला, किती दिवस सांभाळायचं. ते तर तुम्ही बोललात. मम्मी रडली, तुम्ही नाही."

सतीश त्याच्या सोफ्यावर बसला होता, पाठ टेकवता येत नव्हती म्हणून पुढे वाकून. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, जणू मी ह्याचंही भाषांतर करून देईन. मी खिडकीतून बाहेर ट्राम बघत राहिले.

"तुझी आई नाही रडली," सतीश म्हणाला. "तिने तर डबे भरून दिले, पडदे शिवून दिले. रडलो मी. इथून परत जाताना गाडी बाजूला घेतली आणि लहान पोरासारखा रडलो. हे मुरलीधरला कसं सांगणार? म्हणून तिचं नाव घातलं. आणि ते किती दिवस सांभाळायचं वगैरे मी मुरलीधरला सांगत नव्हतो रे. मी स्वतःला सांगत होतो. घरात तुझी खोली उघडवत नाही मला."

 वीर बापाशेजारी बसला, खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ.

मुरलीधर अजून फोनवर होता, आणि त्याला बिचाऱ्याला भलत्याच वेळी नियम आठवला. घसा साफ करून म्हणाला की चूक आपलीच आहे, हाउन्सलोला जादा पिक द्यायलाच हवा. शेवटच्या राउंडच्या शेवटी देता येईल. फक्त आता उचलायला कुणी उरलेलं नाही. सगळी नावं संपली.

"मी त्याच्यासाठीच गेलो होतो," वीर एकदम म्हणाला.

"कशासाठी?" सतीशने विचारलं.

"पिक. मला वाटलं, मी जातो, then बाबांना काहीतरी मिळाली पाहिजे. Empty नको. संजय काका बोलला, सुश्रुत तुम्हाला मिळेल. सुश्रुत माझ्यापेक्षा लय चांगला आहे ना. मी बॉल टाकतो."

संजयने मला ह्यातलं अर्धं सांगितलं होतं, आणि मी मूर्खासारखी समजले होते की पोराला नियमांत रस आहे. त्याला नियमांत काडीचा रस नव्हता. बापाच्या हातात स्वतःपेक्षा बरा माणूस ठेवून जाता येतं का, एवढंच तो विचारत होता.

"अरे, तुझ्या बदल्यात मला कोण चालणार होता?" सतीश म्हणाला. त्याचा आवाज फुटला. "मला सुश्रुत नको होता आणि पिक नको होता. मी त्या हॉलमध्ये भांडलो ते एवढ्यासाठी, की माझा मुलगा मी काढून टाकला असं कुठेही लिहिलेलं असू नये." मग फोनकडे तोंड करून म्हणाला, "मुरलीधर, तो पिक तसाच लावा फळ्यावर. रिकामा. माणूस नको मला. नुसतं लिहा, वीर आपल्या पायांनी गेला, म्हणून हाउन्सलोला मिळाला."

"लिहितो," मुरलीधर म्हणाला. "मराठीत लिहितो, आणि तुम्हाला आधी वाचून दाखवतो."

वीरने फोन बंद करून खिशात टाकला, आणि मी चहा मागितला. वीर किचनमध्ये गेला, किटली लावली, आणि पाणी तापेपर्यंत खिशातून फोन काढून उभा राहिला. बराच वेळ तो नंबर न लावता तसाच बघत होता. मग लावला. अर्चना फोन हातातच घेऊन बसली असावी, कारण पलीकडे लगेच उचलला गेला, आणि फोन स्पीकरवर असल्यामुळे तिचा आवाज आम्हाला बाहेर ऐकू आला.

"मम्मी, मी," वीर म्हणाला. "Listen, बाबा आली आहे माझ्याकडे."

 अर्चना शाळेत शिक्षिका होती. ह्या पोराने तो, ती, ते यांत कुठेही घोटाळा केला की ती जेवता जेवता थांबून त्याला पूर्ण वाक्य पुन्हा म्हणायला लावायची, पाहुण्यांसमोरसुद्धा.

"आली का?" ती म्हणाली. "बरं झालं. मॅच संपली की दोघी या जेवायला."

वीरला त्यात काही वावगं वाटलं नाही. "हो, येतो," म्हणाला, आणि कपात साखर घालायला लागला. सतीशने मात्र चष्मा काढला आणि तोंड दोन्ही हातांत धरून हसत राहिला, हसत राहिला, आणि मग ते हसणं राहिलं नाही.